देहांतील यादवी : एका रूपकाची परीक्षा

रूपक हा भाषेचा अलंकार आहे, असें आम्ही महाविद्यालयांतील मास्तर मंडळी वर्षानुवर्षें वर्गांत सांगत आलों. अलंकार म्हटला कीं तो अंगावर घातला काय किंवा पेटींत ठेवला काय, प्रकृतीस त्यापासून अपाय नाहीं, अशी समजूत आपोआपच होते. ही समजूत खोटी आहे, हें मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षीं, आणि तेंहि एका आजाऱ्याच्या खाटेजवळ, शिकावें लागलें. रूपकाची परीक्षा काव्याच्या पानावर करण्याची आम्हांस संवय आहे. आज ती एका दुखण्याच्या संबंधांत करण्याचें योजिलें आहे. कारण हें रूपक कोणा एका कवीचें नसून आपणां सर्वांच्या बोलण्यांतलें आहे, आणि त्याचें बरेंवाईट फळ कागदावर न राहतां माणसाच्या हातापायांत उतरतें.

सन २०२५ च्या जानेवारींत पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत एका दुखण्याची सांथ उद्भवली, आणि मार्चपर्यंत संशयित रुग्णांची संख्या दोनशेंच्या वर गेली. दूषित पाण्यावाटे पोटांत जाणारा कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नांवाचा जंतु हें तिचें मुख्य कारण मानण्यांत आलें. दुखण्याचें नांव फ्रेंच आहे. १९१६ सालीं, महायुद्ध चालू असतां, गियाँ, बारे व स्त्रोल या तीन वैद्यांनीं दोन सैनिकांच्या ठायीं त्याचें वर्णन केलें; त्यांतील पहिल्या दोघांचीं नांवें त्यास चिकटलीं आणि तिसरा बिचारा मागें राहिला. आमच्या वृत्तपत्रांत हें नांव गुलेन बॅरी, गुइलेन बॅरे अशा नाना वेषांनीं आलें. परंतु नांव कसेंहि लिहिलें तरी त्याचा अर्थ सांगणारें वाक्य बहुधा एकच असे: शरीराची रोगप्रतिकारशक्ति शरीरावरच हल्ला चढविते. हल्ला म्हटला कीं मागोमाग युद्धाचा सारा सरंजाम आलाच. शत्रु आला, सैन्य आलें, फितुरी आली, आणि शेवटीं यादवी आली.

यादवी हा शब्द मला स्वतःला फार प्रिय होता. समुद्रकांठच्या गवताच्या पात्यांचीं मुसळें झालीं आणि यादवांनीं यादवांस मारलें, ही मौसलपर्वांतील कथा ज्यानें लहानपणीं ऐकली आहे त्याला या एका शब्दानें सारें कांहीं समजल्यासारखें वाटतें. पुढील हकीकतीवरून वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, सारें समजल्यासारखें वाटणें हाच या शब्दाचा दोष आहे.

केडगांवीं आमच्या शेजारीं साठीच्या घरांतील एक बाई राहतात. त्यांचें नांव येथें देण्याचें कारण नाहीं. आम्ही सर्व त्यांना काकू म्हणतों. गेलीं कांहीं वर्षें त्यांना मायस्थेनिया ग्रेव्हिस हा रोग आहे. सकाळीं त्या टवटवीत असतात. दुपार कलली कीं पापण्या मिटूं लागतात, चावतां चावतां जबडा थकतो, बोलतां बोलतां आवाज नाकांत शिरतो. झोंप झाली कीं पुन्हां सर्व ठीक. त्यांचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. रोगाचें निदान झालें तेव्हां त्यानें विचारलें, "सर, हें आहे तरी काय?" मीं मोठ्या ऐटींत सांगितलें, "अरे, ही देहांतली यादवी आहे. आपलेंच सैन्य आपल्यावर उलटलें." त्याला तें इतकें पटलें कीं घरांत तोच शब्द रूढ झाला. आईला बरें नसलें कीं तो म्हणे, "आज यादवी जोरांत आहे."

२०२५ च्या फेब्रुवारींत काकूंना जुलाब झाले व तीनचार दिवसांत थांबले. पुढें दहाएक दिवसांनीं त्यांचे पाय जड झाले. जमिनीवरून उठतां येईना. मुलानें ठरविलें कीं जुनी यादवीच पुन्हां पेटली. आणि नेहमींच्या गोळ्यांची मात्रा त्यानें आपल्याच मतानें वाढविली. मला विचारलें तेव्हां मींहि मान डोलावली. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशीं सकाळीं काकूच म्हणाल्या, "अरे, माझें दुखणें संध्याकाळीं येतें आणि झोंप झाली कीं उतरतें. हें सकाळींहि उतरलें नाहीं. शिवाय पायांना मुंग्या आल्या आहेत. माझ्या दुखण्याला मुंग्या कधीं येत नाहींत. हें माझें नव्हे, हें दुसरें आहे." त्याच दिवशीं त्यांना पुण्यास नेलें. तेथें डॉक्टरांनीं गुडघ्यावर लहानशी हातोडी मारून पाहिली. पाय हलला नाहीं. एका देहांत दोन दुखणीं नांदत होतीं, आणि दुसऱ्याचें नांव तेंच होतें जें महिनाभर आम्ही वर्तमानपत्रांत वाचत होतों.

या प्रसंगाचा अर्थ लागण्यासाठीं या दुखण्यांची जागा नीट पाहिली पाहिजे. मेंदूची आज्ञा कण्यांतून निघून लांब तंतूंवाटे स्नायूपर्यंत येते. तंतूचें टोंक स्नायूस प्रत्यक्ष चिकटलेलें नसतें. मध्यें एक अतिसूक्ष्म फट असते. टोंकांतून असेटिलकोलीन नांवाचें द्रव्य सुटतें, फट ओलांडतें, आणि स्नायूवरील ग्राहकांवर जाऊन बसतें. मग स्नायु आंखडतो. गियाँ-बारे रोगांत मुख्य अपाय तंतूचा किंवा त्याच्या वेष्टणाचा होतो. म्हणून तेथें मुंग्या येतात, बहुधा पायांपासून वर शक्ति जात राहते, आणि गुडघ्याचा झटका नाहींसा होतो. मायस्थेनियांत तंतु शाबूत असतो. अपाय फटीपलीकडील ग्राहकांचा होतो. म्हणून तेथें मुंग्या नाहींत, बधिरता नाहीं, गुडघ्याचा झटका बहुधा कायम. मात्र जो स्नायु वापरावा तो थकतो आणि विश्रांतीनें सावरतो. याच फटीच्या अलीकडे तिसरें एक दुखणें आहे, त्याचें वर्णन लॅम्बर्ट व ईटन यांनीं १९५६ सालीं केलें. त्यांत द्रव्य सुटण्याचेंच दार अडतें. गंमत अशी कीं, तेथें थोड्या श्रमानें शक्ति क्षणभर वाढते. आयझॅक्स यांनीं १९६१ सालीं वर्णिलेल्या चौथ्या दुखण्यांत उलट तंतु आवरतां आवरत नाहीं. स्नायु सारखे लवतात, पेटके येतात. आणि पांचव्या प्रकारांत खुद्द स्नायूचाच दाह होतो. मांड्या व खांदे दुबळे होतात. हीं सारीं एकाच वाटेवरचीं ठिकाणें आहेत, आणि प्रत्येक ठिकाणीं बिघाडाची खूण निराळी आहे.

आतां रूपकाकडे वळूं. यादवी म्हणण्यांत पहिला दोष असा कीं, यादवींत वैर असतें आणि या रोगांत वैर मुळींच नाहीं. कॅम्पिलोबॅक्टर जंतूच्या वेष्टणावरील कांहीं शर्करायुक्त कण आपल्या तंतूंवरील तशाच कणांसारखे दिसतात. शरीर जंतूस ओळखून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड घडवितें. मग तेच प्रतिपिंड त्या सारखेपणामुळें तंतूवर जाऊन बसतात. हें फितुरीचें लक्षण नव्हे, ही ओळखण्यांतील चूक आहे. एकाद्यानें अंधुक प्रकाशांत पाहुण्यास चोर समजून काठी उगारावी, तसा हा प्रकार. फरक केवळ शब्दांचा नाहीं. काकू एकदां मला म्हणाल्या होत्या, "माझेंच अंग माझ्यावर उलटलें, म्हणजे माझ्याच हातून कांहीं वाईट घडलें असेल." आजाऱ्याच्या मनांत अपराधाची शंका उत्पन्न करणारें रूपक कितीहि सुंदर असलें तरी तें सदोष होय.

दुसरा दोष याहून मोठा आहे. यादवी एक असते. तिचा एक प्रसंग, एक कारण, एक शेवट. एकदां ती आहे असें म्हटलें कीं पुढें दिसणारी प्रत्येक गोष्ट तिच्याच खात्यावर मांडली जाते. काकूंच्या बाबतींत नेमकें हेंच झालें. वस्तुतः शास्त्राचा इतिहास याच्या उलट शिकवितो. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञानें विसाव्या शतकाच्या आरंभीं 'हॉरर ऑटोटॉक्सिकस', म्हणजे स्वतःस विष देण्याची शरीरास वाटणारी धास्ती, असा शब्दप्रयोग काढला. त्याचें म्हणणें, स्वतःवर उलटणें टाळण्याची सोय शरीरांत असली पाहिजे, इतकेंच होतें. पुढील पिढीनें शब्द तेवढा उचलला आणि असा रोग संभवतच नाहीं असा त्याचा अर्थ केला. एका भारदस्त शब्दानें सुमारें अर्धे शतक विचाराची वाट अडविली. ती वाट मायस्थेनियाच्या बाबतींत कशी मोकळी झाली हें मनोरंजक आहे. १९६० सालीं सिम्पसन या स्कॉटिश वैद्यानें पाहिलें कीं मायस्थेनियाच्या रोग्यांत संधिवातासारखीं दुसरीं दुखणीं वाजवीपेक्षां अधिक आढळतात. आणि त्यावरून त्यानें तर्क केला कीं मायस्थेनियाहि प्रतिकारशक्तीच्या चुकीचाच रोग असावा. १९७३ सालीं सशांवरील प्रयोगांनीं तो तर्क खरा ठरला. म्हणजे दोन दुखण्यांचें एकत्र नांदणें ही निदानांतील अडचण तर आहेच, परंतु तेंच या रोगांच्या स्वरूपाची किल्लीहि ठरलें.

एकत्र नांदणारीं दुखणीं एकमेकांशीं कशीं वागतात, हें यादवीच्या रूपकांत बसत नाहीं. कधीं एक दुसऱ्यास झांकतें: पापणी मिटूं लागली कीं जुना मायस्थेनिया समजावा तर ती नव्या तंतुरोगाचीहि खूण असूं शकते. कधीं एक दुसऱ्याची नक्कल करतें: गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचा विकार मायस्थेनियाच्या सोबतीस पुष्कळदां येतो, आणि त्या ग्रंथीचा रस वाढला तर तो स्वतःच स्नायूंस दुबळें करतो. कांहीं वैद्यांना असा अनुभव आला कीं यांतील एक पारडें वर गेलें कीं दुसरें खालीं येतें. इतरांना दोन्ही पारडीं एकदम चढलेलीं आढळलीं. थायमस ग्रंथीच्या गांठीबरोबर मायस्थेनिया व आयझॅक्सचें दुखणें दोन्ही एका देहांत येऊं शकतात. तेथें एक स्नायूस थकवितें आणि दुसरें त्यास स्वस्थ बसूं देत नाहीं. कर्करोगावरील प्रतिकारशक्ति मोकळी सोडणाऱ्या नव्या औषधांनीं तर क्वचित् मायस्थेनिया, स्नायुदाह व हृदयाच्या स्नायूचा दाह हीं तिन्ही एकदम उद्भवतात. हा दोन पक्षांचा रणसंग्राम नव्हे. एका घरांत राहणाऱ्या माणसांप्रमाणें हीं दुखणीं एकमेकांस कधीं झांकतात, कधीं भडकवितात, कधीं एकमेकांचा आवाज काढतात.

उपचारांतहि तोच गुंता आहे. शिरेंतून प्रतिपिंडांचें द्रव्य देणें व रक्तद्रव बदलणें हे दोन उपाय दोन्ही रोगांस लागू पडतात. काकूंना त्यांतील पहिला पांच दिवस दिला गेला. पण स्टेरॉइडें मायस्थेनियास उपयोगी, आरंभीं मात्र तींच कधीं कधीं तो वाढवितात. आणि गियाँ-बारे रोगांत त्यांचा गुण आढळत नाहीं. जुलाबाच्या जंतूवर दिलीं जाणारीं अझिथ्रोमायसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन हीं औषधें मायस्थेनियाच्या रोग्यास घातक होऊं शकतात, म्हणून जुनें दुखणें आधीं सांगणें अवश्य असतें. मायस्थेनियाच्या नेहमींच्या गोळ्या प्रमाणाबाहेर घेतल्यास जुलाब होतात, स्नायु फुरफुरतात व उलट दुबळेपणच येतें. म्हणजे मुलानें वाढविलेल्या गोळ्यांनीं लक्षणांचा गोंधळ अधिकच वाढला. आणि गियाँ-बारे रोगांत सुमारें चौथ्या हिश्शाच्या रोग्यांस कृत्रिम श्वासाची गरज लागते हें लक्षांत घेतलें, तर ते दोन दिवस किती मोलाचे होते हें सांगावयास नको. त्या दोन दिवसांचा हिशेब माझ्या एका अलंकाराकडे निघतो.

येथें कोणी म्हणेल, दोष रूपकाचा कसला? शास्त्रीय परिभाषा वापरा म्हणजे झालें. परंतु आमच्या परिभाषेची स्थिति काय आहे? ज्यास आपण मज्जातंतु म्हणतों त्याचा मज्जेशीं कांहीं संबंध नाहीं. मज्जा ही आयुर्वेदांतील सहावी धातु, हाडांतील. स्नायु शब्दाची गोष्ट तर याहून चमत्कारिक. संस्कृत वैद्यकांत स्नायु म्हणजे हाडें बांधून ठेवणारी दोरी, आणि मांसाचा गोळा ती पेशी. बंगाली व हिंदी मंडळी स्नायु म्हणतात ती नस, आणि आपण स्नायु म्हणतों तो मांसाचा गोळा. म्हणजे तंतूचा रोग कीं मांसाचा रोग, हा जो या सर्व दुखण्यांतील मुख्य प्रश्न, तोच सोडविण्यास आमचा मुख्य शब्द नालायक! भाषाशुद्धीच्या नांवानें चाललेल्या वादांत असल्या शब्दांकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

मग या अडचणींतून सुटका कोठें आहे? माझ्या मतें ती काकूंच्या त्या चार वाक्यांत आहे. त्यांनीं एकहि पारिभाषिक शब्द वापरला नाहीं आणि एकहि रूपक योजलें नाहीं. परंतु दोन रोगांमधील भेद त्यांनीं अचूक सांगितला. आपल्या बोलींत या बाबतींत केवढी संपत्ति आहे! थकणें निराळें आणि लुळें पडणें निराळें. मुंग्या येणें, बधिर होणें, पेटका येणें, वांब येणें, फुरफुरणें, लवणें, आंखडणें, गळून जाणें हे शब्द कोणीहि अडाणी बाई एकमेकांच्या जागीं वापरणार नाहीं. डोळा लवला कीं शकुन पाहणारी आजी आणि पापणी गळली कीं वैद्याकडे जाणारी नात, दोघींनाहि लवणें व गळणें यांतील अंतर ठाऊक असतें. जें अंतर यंत्रांनीं तपासून ठरवावें लागतें त्याची पहिली खूण या क्रियापदांत साठविलेली आहे. आम्ही शिकलेल्या लोकांनीं मात्र त्या सर्वांवर 'वीकनेस' हा एकच परका शब्द पसरून टाकला, आणि त्याच्यावर शोभेसाठीं यादवीची झूल घातली.

केडगांवांत बसून हें लिहितांना एक स्मरण होणें अपरिहार्य आहे. याच गांवीं पंडिता रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक भाषा शिकून मूळावरून बायबलाचें मराठी भाषांतर केलें. १९२२ च्या एप्रिलांत त्यांना मृत्यु आला, त्याच्या थोडेंच आधीं तें पुरें झालें होतें. मुक्तिसदनाच्या छापखान्यांत त्याचे खिळे जुळविण्याचें काम तेथील मुलींनींच केलें. रमाबाईंच्या धर्ममताशीं येथें कर्तव्य नाहीं. मला त्यांतील वाङ्मयीन निश्चय महत्त्वाचा वाटतो. संस्कृतांत पंडिता म्हणून जिची ख्याति, तिनें प्रौढ शब्दांची संपत्ति हाताशीं असतां ती बाजूस ठेविली आणि साध्या बायकांना वाचून समजेल अशा मराठीचा ध्यास घेतला. अवघड अर्थ सोपा करणें हें पांडित्य कमी करणें नव्हे, हें ज्या गांवीं सिद्ध झालें त्याच गांवीं शंभर वर्षांनीं एका प्राध्यापकानें सोप्या अर्थास अवघड अलंकार चढवावा, याची मला लाज वाटते.

रूपकावर सरसकट बहिष्कार घालावा असा मात्र माझा आग्रह नाहीं. रूपकावांचून मनुष्यास बोलतां येत नाहीं. ज्यास मी ओळखचूक म्हणतों तेंहि शेवटीं एक रूपकच आहे, कारण प्रतिपिंडास डोळे नाहींत. प्रश्न इतकाच कीं, कोणतें रूपक पुढील पाऊल दाखवितें आणि कोणतें वाट बंद करतें. ओळख चुकली असें म्हटलें कीं लगेच विचारावेंसें वाटतें: कोणाची ओळख चुकली? कोठें? आणखी कोठें चुकली असेल काय? या शेवटच्या प्रश्नांतच दुसऱ्या दुखण्याचा शोध आहे. कारण जी नजर एके ठिकाणीं चुकली ती दुसरीकडेहि चुकण्याचा संभव असतो. आणि ओळख सुधारतांहि येते. २०२५ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक ब्रंकाव, रॅम्सडेल व साकागुची यांना ज्या शोधाबद्दल मिळालें तो याच प्रकारचा आहे: प्रतिकार करणाऱ्या पेशींस आवर घालणाऱ्या निराळ्या पेशी शरीरांत असतात, आणि त्या कमी पडल्या म्हणजे असले रोग उद्भवतात. देहांत पहारेकऱ्यांवरहि पहारा आहे. मौसलपर्वांत तसें कोणी नव्हतें. म्हणून तो दाखला येथें लागू पडत नाहीं.

वाङ्मयाच्या परीक्षकांनीं आजवर रूपकास तें नवें आहे काय, समर्पक आहे काय, रस परिपुष्ट करतें काय, असे प्रश्न विचारले. त्यांत मी आणखी एक घालूं इच्छितों: ज्याच्यावर तें बेतलें त्याला स्वतःचें म्हणणें सांगण्यास तें जागा ठेवतें काय? माझ्या यादवीनें काकूंचें म्हणणें दोन दिवस कोणास ऐकूं येऊं दिलें नाहीं. अनेक अर्थांच्या कवितेवर एकच अर्थ लादणारा टीकाकार आणि नव्या लक्षणावर जुनेंच नांव लादणारा शेजारी, यांचा दोष एक आहे.

काकू आतां चालतात. आरंभीं भिंत धरून, मग काठीनें, आणि पावसाळा संपतांना नुसत्या. जुनें दुखणें अर्थातच गेलेलें नाहीं. संध्याकाळीं पापण्या उतरतात आणि बोलणें आंखूड होतें. परवां मुलानें विचारलें, "आई, आज कसें आहे?" पूर्वीं तो यादवीची चौकशी करीत असे. काकू म्हणाल्या, "डोळे थकले आहेत. पाय माझे आहेत." त्यानें वहींत तारीख घालून तीं दोन वाक्यें जशींच्या तशीं उतरून घेतलीं. पुढील खेपेस तो तीं डॉक्टरांना वाचून दाखविणार आहे.